बुलेटच्या क्रँकला हात लावण्यापूर्वी

आपल्या महाविद्यालयाच्या फाटकाजवळ जेथे गाड्या लावल्या जातात, तेथे "क्रँक लाइट केलाय" हे वाक्य वर्षातून चार-पाच वेळा तरी कानी पडते. सांगणाऱ्याच्या आवाजात अभिमान असतो आणि ऐकणाऱ्यांच्या चेहऱ्यावर आदर. पण क्रँक हलका केला म्हणजे नेमके काय केले, कोठून काय काढले, आणि त्याच्या बदल्यात गाडीने काय दिले व काय घेतले, असे विचारले तर उत्तर बहुधा "पिकअप वाढतो" एवढ्यावर संपते. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याचे एवढ्याने समाधान होत नाही. काही मिळाले असे कोणी म्हटले की काय सोडावे लागले हे विचारायची सवय आम्हांला पहिल्या वर्षीच लावली जाते. पुस्तकात त्याला संधी-खर्च म्हणतात. क्रँकशाफ्टइतके त्याचे स्वच्छ उदाहरण मला पाठ्यपुस्तकातही आढळलेले नाही.

दोन दिवाळीच्या सुट्ट्या मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका मिस्त्रींच्या शेडमध्ये काढल्या. काम म्हणावे असे माझ्याकडे काही नव्हते. भाग रॉकेलात धुणे आणि चहा आणणे एवढेच. मात्र प्रश्न विचारायला तेथे मज्जाव नव्हता. पुढे जे लिहीत आहे ते त्या शेडमध्ये पाहिलेले आणि नंतर पुस्तकांशी ताडून पाहिलेले आहे. उदाहरण जुन्या ३५० सी.सी. बुलेटचे घेतो, कारण आपल्याकडे क्रँकवर सर्वांत जास्त हात याच गाडीत चालतो, आणि तिचे इंजिन इतके सरळ आहे की विज्ञान शाखेकडे न जाताही ते समजून घेता येते.

प्रथम क्रँक म्हणजे काय ते पाहू. आपल्या आजीच्या घरातले जाते आठवावे. दळणारी बाई खुंटा धरून हात पुढे लोटते आणि मागे ओढते. हाताची हालचाल पुढे-मागे, पण दगड मात्र गोल फिरतो. खुंटा दगडाच्या मध्यावर नसून कडेला आहे, म्हणून हे घडते. हा कडेला ठोकलेला खुंटा म्हणजेच क्रँक. इंजिनात हाताच्या जागी कनेक्टिंग रॉड आणि दळणारीच्या जागी पिस्टन. पिस्टन सिलिंडरमध्ये वर-खाली धावतो, रॉड त्याची ओढ क्रँकपिनेपर्यंत पोचवतो आणि पिन चकत्यांना गोल फिरवते.

जात्याचीच आणखी एक गोष्ट पाहा. हात पूर्ण पुढे गेला की एक क्षण असा येतो की त्या जागी हात दगडाला कितीही ढकलो, तो फिरणार नाही. तरीही जाते अडत नाही, कारण दगड जड असतो आणि आधीच्या गतीने तो स्वतःच ती जागा ओलांडून जातो. पायाने शिलाई मशीन चालवणारा शिंपी सुरुवातीला चाकाला हाताने जरासा धक्का देतो, तो याच अडत्या जागेतून मशीन बाहेर काढण्यासाठी. क्रँकच्या दोन्ही बाजूंना असलेल्या जड चकत्या, म्हणजे फ्लायव्हील, जात्याच्या दगडाचे काम करतात. तेव्हा क्रँकमध्ये दोन वेगळी कामे एकत्र आलेली असतात : सरळ गतीची गोल गती करणे आणि ती गती साठवून ठेवणे. आपल्या विषयातला निम्मा गोंधळ ही दोन कामे वेगळी न ओळखल्यामुळे होतो.

(जाता जाता : यांना मराठीत भुजादंड, प्रचक्र, संयोगदांडा, दट्ट्या असे चांगले शब्द आहेत. शेडमध्ये ते वापरले असते तर मिस्त्रींनी मला मराठी विभागाकडे परत पाठवले असते, म्हणून या लेखात शेडचीच भाषा ठेवतो.)

इतिहासाच्या विद्यार्थ्यांसाठी एवढे सांगितले पाहिजे की ही युक्ती इंजिनापेक्षा पुष्कळ जुनी आहे. अल् जझारी याने १२०६ साली पूर्ण केलेल्या यंत्रांच्या ग्रंथात पाणी उपसण्याच्या यंत्रात क्रँक दाखवलेला आहे. वाफेच्या इंजिनावर तो बसवण्याचे पेटंट मात्र इंग्लंडमध्ये जेम्स पिकार्डने १७८० साली घेऊन टाकले, आणि जेम्स वॉटसारख्या माणसाला ते पेटंट टाळण्यासाठी एका दातेरी चाकाभोवती दुसरे फिरवण्याची द्राविडी प्राणायामाची योजना करावी लागली. खुंट्यासारख्या खुंट्यासाठी एवढा खटाटोप!

आता बुलेटकडे येऊ. तिच्या सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर आणि पिस्टनची धाव, म्हणजे स्ट्रोक, ९० मिलिमीटर. गुणाकार केला की ३४६ घनसेंटिमीटर येतात. क्रँकपिन मध्यापासून ४५ मिलिमीटरवर असते. पिस्टन ४५ वर, ४५ खाली, असा ९० जातो. शक्ती १८ अश्वशक्ती, मिनिटाला ५,६२५ फेऱ्यांना. चार धावांतली एकच धाव शक्तीची. बाकीच्या तीन धावांत इंजिन हवा आत घेते, दाबते आणि धूर बाहेर ढकलते. या तीन धावा फ्लायव्हीलच्या साठ्यावर चालतात. इंजिन मिनिटाला ८०० फेऱ्यांनी संथ चालत असेल तर स्फोट ४०० होतात, म्हणजे दर ०.१५ सेकंदाला एक. मधला सारा वेळ फ्लायव्हील घर सांभाळते. बुलेटचा जो संथ, एकेक सुटा ठोका लोकांना आवडतो, तो या जड चकत्यांमुळे शक्य होतो.

येथे एक गोष्ट ठाम सांगितली पाहिजे. क्रँक शक्ती निर्माण करीत नाही. शक्ती येते पेट्रोल आणि हवा यांच्या ज्वलनातून. एका धावेत किती हवा आत गेली, ती किती दाबली गेली आणि मिनिटाला असे किती वेळा घडले यावर ती ठरते. ती वाढवायची तर कार्ब्युरेटर, व्हॉल्व्ह, कॅम, कॉम्प्रेशन, सायलेन्सर यांच्याकडे जावे लागते. क्रँक मिळालेली शक्ती पुढे देतो. तो बदलून फार तर इंजिनाला जास्त फेऱ्या सुखरूप घेण्याची मुभा मिळेल, किंवा त्या फेऱ्या लवकर गाठता येतील. जो कोणी सांगेल की नुसता क्रँक उतरवून त्याची बुलेट दोन अश्वशक्तींनी वाढली, त्याने ती कशाने मोजली हे अवश्य विचारावे.

मग हलक्या क्रँकची गाडी चपळ वाटते ती कशी? वाटते हे खरे आहे आणि ते नुसते मनाचे खेळ नाहीत. गाडी वेग घेताना इंजिनाला दोन ओझी वाढवावी लागतात : गाडी व स्वार यांचे पुढे जाणारे, आणि फ्लायव्हीलचे गोल फिरणारे. दुसऱ्या ओझ्यावर खर्च झालेली शक्ती त्या क्षणी चाकाला मिळत नाही. हे ओझे किती, याचा एक ढोबळ हिशेब मी वहीत मांडून पाहिला. समजा दोन्ही चकत्यांचे मिळून वजन ८ किलो आणि त्रिज्या ९ सेंटिमीटर. पहिल्या गिअरमध्ये मागचे चाक एकदा फिरताना इंजिन सुमारे १४ वेळा फिरते आणि टॉप गिअरमध्ये सुमारे ५ वेळा असे धरू. चाकाची त्रिज्या ३२ सेंटिमीटर. या आकड्यांनी पहिल्या गिअरमध्ये त्या ८ किलोच्या चकत्या वेग घेताना सुमारे ६२ किलोच्या ओझ्यासारख्या वागतात. म्हणजे मागे एक माणूस बसलेलाच आहे! टॉपमध्ये मात्र त्याच चकत्या केवळ ८ किलोइतक्या वाटतात. गिअरच्या प्रमाणाचा वर्ग या हिशेबात येतो, म्हणून हा एवढा फरक.

आता लेथवर लावून कडेचा एक किलो उतरवला असे धरा. पहिल्या गिअरमध्ये सुमारे १४ किलोचे ओझे कमी झाल्यासारखे वाटेल, टॉपमध्ये दोन किलोंहूनही कमी. सिग्नलवरून सुटताना, घाटात गिअर उतरवून पुन्हा उचलताना हा फरक हाताला कळतो. गिअर बदलतानाही फेऱ्या लवकर उतरतात, त्यामुळे बदल झटकन होतो. परंतु गाडीचा कमाल वेग याने एका किलोमीटरनेही वाढत नाही. कारण स्थिर वेगात फ्लायव्हीलचा वेग वाढवायचाच नसतो, आणि समोरची हवा मागते ती सारी शक्ती ज्वलनातूनच यावी लागते. आपल्याकडच्या गप्पांत मात्र पिकअप आणि टॉप स्पीड या दोन गोष्टी नेहमी एकाच दमात सांगितल्या जातात.

वजन कोठून काढले यालाही महत्त्व आहे. कडेवरचा शंभर ग्रॅमचा तुकडा निम्म्या त्रिज्येवरच्या शंभर ग्रॅमांच्या चौपट बाधतो. म्हणून मध्यभागी भोके पाडून वजनाचा मोठा आकडा दाखवणारे काम आणि कडेची पातळ कातण घेणारे काम यांत दुसरे अधिक परिणामकारक. केवळ "दीड किलो काढले" या आकड्यावरून काही कळत नाही.

आणि बदल्यात काय गेले? पहिले म्हणजे संथपणा गेला. स्फोटामागून स्फोट येईपर्यंतची ती ०.१५ सेकंदे हलकी चकती नीट ओढू शकत नाही. इंजिन संथ फेऱ्यांना अडखळते आणि मग स्क्रू पिळून फेऱ्या वाढवून ठेवाव्या लागतात. दुसरे, किक मारताना कॉम्प्रेशनची टेकडी ओलांडायला चकतीची मदत कमी होते; किक उलटी येण्याचा संभव वाढतो. तिसरे, गाडी सोडताना जास्त रेस देऊन क्लच घसरवावा लागतो, म्हणजे क्लचप्लेटा लवकर झिजतात. चौथे, चिखल आणि खडी. दगडधोंड्यांतून संथ तोल सांभाळून जाण्याच्या ज्या स्पर्धा असतात, त्यांतल्या मोटारसायकलींना मुद्दाम जड फ्लायव्हील ठेवतात. स्फोटाचा झटका चकतीने गिळला की मागचे चाक जागच्या जागी फिरत नाही, पकड धरून ठेवते. एका शर्यतीतला गुण दुसऱ्या शर्यतीत दोष ठरतो. पावसाळ्यात पन्हाळ्यामागच्या कच्च्या रस्त्याने जाणाऱ्याला आणि सपाट मैदानावर दोनशे मीटर पळवणाऱ्याला एकाच मापाचा क्रँक बसवणे हा शुद्ध अविचार होय. आमचे मिस्त्री लेथ चालू करण्याआधी गिऱ्हाइकाला तू रोज कोठून कोठे जातोस हे विचारीत, आणि पोरे त्यांना जुन्या वळणाचा म्हातारा समजत.

आता तोलाकडे वळू. हा भाग जरा किचकट आहे, पण फसवणूकही येथेच सर्वांत जास्त होते.

५,००० फेऱ्यांना पिस्टन मिनिटाला दहा हजार वेळा थांबतो आणि दहा हजार वेळा पुन्हा धावू लागतो. धावेच्या मध्याशी त्याचा वेग ताशी सुमारे ८५ किलोमीटर असतो, आणि ९० मिलिमीटरच्या टोकाला तो शून्य. या साऱ्याला सहा हजारांश सेकंद. एवढ्या घाईने थांबवण्याचा ताण गुरुत्वाच्या साडेबाराशे पटींच्या आसपास जातो, आणि रॉड तिरपा चालत असल्यामुळे वरच्या टोकाला तर त्याहून अधिक. पिस्टन, रिंगा, गजन पिन आणि रॉडचे वरचे टोक मिळून अर्धा किलो धरले, तर दर फेरीला इंजिन सुमारे ६३० किलोच्या जोराने एकदा वर आणि एकदा खाली ओढले जाते. फेऱ्या निम्म्या केल्या तर हा जोर निम्मा होत नाही, चौथाई होतो. हँडल धरणाऱ्या हाताला मुंग्या येतात त्या यामुळेच.

यावर उपाय म्हणून क्रँकपिनेच्या समोरच्या बाजूला चकतीत वजन ठेवतात. पिस्टन वर जातो तेव्हा हे वजन खाली असते आणि ओढ कापली जाते. पण क्रँक पाव फेरी पुढे गेला की वजन आडवे आलेले असते, आणि त्या दिशेला त्याला विरोध करायला पिस्टन नसतो. पिस्टनची उभी ओढ पूर्ण कापेल इतके वजन ठेवले तर तेवढाच जोर आता पुढे-मागे बसू लागतो. हादरा मेला नाही, फक्त आडवा झाला. निम्मे वजन ठेवले तर दोन्हीकडे निम्मा-निम्मा हादरा राहतो. एका सिलिंडरच्या इंजिनात चकतीतल्या वजनाने हादरा पूर्ण मारता येत नाही; तो कोठे ठेवायचा एवढेच ठरवता येते. पिस्टनसह वर-खाली जाणाऱ्या वजनाचा किती हिस्सा चकतीत ठेवला, त्याला बॅलन्स फॅक्टर म्हणतात. तो साधारणपणे निम्म्यापासून दोन-तृतीयांशापर्यंत कोठेतरी असतो. कोणता योग्य, हे गाडीची फ्रेम कशी आहे आणि गाडी नेहमी कोणत्या फेऱ्यांत चालते यावर अवलंबून असते. म्हणूनच एका गाडीतला उत्तम तोल दुसऱ्या गाडीत नकोसा होतो.

तोल पाहण्याची रीत मोठी सुंदर आहे आणि तिला महागडे यंत्र लागत नाही. रॉड आडवा धरून त्याचे मोठे टोक आधारावर ठेवतात आणि लहान टोक काट्यावर, म्हणजे त्या टोकाचे वजन कळते. त्यात पिस्टन, रिंगा, पिन मिळवतात. मिस्त्रींकडे सोनाराचा जुना काटा होता; ग्रॅमच्या भाषेत बोलायचे तर तराजूही तसाच हवा असे त्यांचे म्हणणे. ठरवलेल्या हिश्श्याइतके वजन क्रँकपिनेशी लटकवून, रॉडच्या मोठ्या टोकाचा हिशेब जमेस धरून, क्रँक दोन समपातळीतल्या धारदार पट्ट्यांवर ठेवतात. जड बाजू आपोआप खाली येते. तेथे ड्रिलने थोडे काढायचे, पुन्हा ठेवायचे. कोणत्याही स्थितीत सोडला तरी क्रँक जागचा हलत नाही असे झाले की काम झाले. हे पाहताना चार तास कसे गेले ते मला कळले नाही.

यावरून एक व्यावहारिक मुद्दा निघतो. पूर्ण गोल चकतीची कड सगळीकडून सारखी उतरवली तर हा तोल बिघडत नाही, फक्त साठा कमी होतो. पण कडेला खाच, पोकळी वा भोके असतील, किंवा पिस्टन वेगळ्या वजनाचा बसवला असेल, तर हिशेब पुन्हा मांडलाच पाहिजे. माझे वैयक्तिक मत विचाराल तर हादऱ्यासाठी पैसे खर्च करायचेच असतील तर ते आधी हलक्या, चांगल्या पिस्टनवर करावेत. तेथे पन्नास ग्रॅम कमी झाले की हादऱ्याचे मूळच कमी होते आणि क्रँकपिनेवरचा ताणही.

काही हौशी मंडळी स्ट्रोक वाढवतात. मूळ पिनेऐवजी तीन मिलिमीटर सरकलेली पिन बसवली की पिस्टन तीन वर आणि तीन खाली जास्त जातो. ९० चा स्ट्रोक ९६ होतो. परंतु मिळते काय? ३४६ चे ३६९ सी.सी., म्हणजे सातच टक्क्यांच्या आतबाहेर. त्यासाठी पिस्टन वर आदळू नये म्हणून सिलिंडरखाली तीन मिलिमीटरची पट्टी द्यावी लागते, खाली तो चकतीला घासत नाही ना हे पाहावे लागते, आणि पिस्टनचा सरासरी वेग ५,००० फेऱ्यांना सेकंदाला १५ मीटरवरून १६ वर जातो. याउलट व्यास वाढवला तर त्याचा वर्ग कामी येतो. कंपनीने स्वतः ५०० सी.सी.ची बुलेट काढली तेव्हा स्ट्रोक ९० च ठेवला आणि व्यास ७० वरून ८४ केला. तेवढ्याने ४४ टक्के वाढ मिळाली. ज्यांनी हे इंजिन घडवले त्यांनी कोणती वाट धरली हे पाहायला काय हरकत आहे?

आता ज्या भागावर जीव अवलंबून असतो, तो. जुन्या बुलेटमध्ये रॉडच्या मोठ्या टोकात रोलर नसून सैल फिरणारा बुश असे. तेल वेळेवर आणि भरपूर मिळाले तर तो वर्षानुवर्षे मुकाट चालतो, पण हलक्या क्रँकमुळे फेऱ्या चढवण्याची चटक लागली की आधी तोच ओरडतो. म्हणून वेगाची हौस असलेले लोक तेथे रोलर बसवून घेतात. मला वाटते क्रँकवरच्या सर्व कामांत हे सर्वांत शहाणपणाचे काम आहे, आणि त्याची बढाई मात्र कोणी मारत नाही, कारण ते बाहेरून ऐकू येत नाही. मोठे टोक चालत्या गाडीत धरले तर इंजिन जागच्या जागी थांबते आणि मागचे चाक जाम होते. अशा वेळी क्लच दाबायला एक सेकंददेखील मिळत नाही. गेल्या उन्हाळ्यात माझ्या ओळखीच्या एकाची गाडी कात्रज उतरताना अशीच धरली. तो बचावला, पण खांद्याचे हाड मोडले. त्याच्या क्रँकचे काम कोणी केले होते हे येथे सांगण्याचे कारण नाही. पिन काढून पाहिली तेव्हा तिच्या तेलाच्या भोकात लेथचा बारीक चुरा सापडला.

चुरा सोडला तर दुसरा शत्रू म्हणजे धारदार कोपरा. लोखंड एका झटक्याने तुटते असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात ते सोसवण्याजोगा ताण लाखो वेळा पडल्याने थकून तुटते. जर्मनीत आउगुस्ट व्होलर याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर रेल्वेच्या आसांवर प्रयोग करून हे दाखवून दिले. थकव्याची चीर बहुधा जेथे जाडी एकदम बदलते, कोपरा टोकदार असतो किंवा हत्याराचा ओरखडा राहिलेला असतो, तेथून सुरू होते. म्हणून क्रँकवर लेथ फिरला की प्रत्येक कोपरा गोलसर ठेवून घासून गुळगुळीत करावा लागतो. रॉड पॉलिश करतात तो चमकण्यासाठी नव्हे. त्याच्या लांबीच्या दिशेने ओरखडे पुसण्यासाठी. आडवे घासलेले रॉड मी पाहिले आहेत, चकचकीत आणि धोकादायक.

मग जोडणी. बुलेटचा क्रँक एकसंध नसतो. दोन चकत्या आणि मधली पिन मिळून तो बनतो. पुन्हा जोडताना दोन्ही बाजूंचे दांडे एका रेषेत आले पाहिजेत. क्रँक दोन टोकांवर धरून फिरवतात आणि डायल गेज लावून काटा किती डोलतो ते पाहतात. दोन थाऊच्या, म्हणजे इंचाच्या दोन हजारांशांच्या आत आणेपर्यंत तांब्याच्या हातोडीने ठोकणे आणि पुन्हा पाहणे चालूच राहते. हे काम उरकणारा आणि करणारा यांतला फरक पहिल्या हजार किलोमीटरमध्ये दिसत नाही, बेअरिंगे मात्र तो विसरत नाहीत.

टू-स्ट्रोक गाड्यांबद्दल थोडक्यात. यामाहाची आर.एक्स. १०० (व्यास ५०, स्ट्रोक ५०, १९८५ ते १९९६) अजून शर्यतींत दिसते. तेथे क्रँकची पेटी हीच पंपाचे काम करते. पिस्टन खाली येताना तिच्यातला वायू दाबून वर पाठवतो. म्हणून तिच्यात चकत्यांची भोके बुजवून पेटीतली मोकळी जागा कमी करण्याची पद्धत आहे. त्याच पोरांनी बुलेटची युक्ती लावून तेथे भोके पाडली तर पंप कमजोर होतो. शिवाय टू-स्ट्रोकमध्ये स्ट्रोक बदलला की बाजूची दारे उघडण्या-मिटण्याच्या वेळाही बदलतात.

कायद्याचेही पाहावे. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीपुस्तकातला तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी जुळेनासा होईल असा फेरफार गाडीत करता येत नाही. सी.सी. हा त्या तपशिलातला एक आकडा आहे. आतली कड उतरवलेली कोणाला दिसत नाही हे खरे, परंतु वाढवलेल्या स्ट्रोकची गाडी सार्वजनिक रस्त्यावर आणणे आणि बंद मैदानातल्या शर्यतीत चालवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि अपघातानंतर विमा कंपनी हा फरक नेमका काढते.

गंमत अशी की कारखान्यांनी अलीकडे क्रँकमध्ये जे बदल केले, त्यांचा रोख शक्तीपेक्षा वागणुकीवर आहे. १९३७ साली बाजारात आलेल्या एडवर्ड टर्नरच्या ट्रायम्फ स्पीड ट्विनमध्ये दोन्ही पिस्टन बरोबर वर आणि बरोबर खाली जात. हादऱ्याच्या दृष्टीने ते एकाच मोठ्या सिलिंडरसारखे झाले. रॉयल एन्फील्डने २०१८ साली ६५० सी.सी.ची जोड-सिलिंडर गाडी विक्रीस आणली, तीत दोन क्रँकपिना २७० अंशांनी फिरवलेल्या आहेत. त्यामुळे एक पिस्टन टोकाला थांबलेला असताना दुसरा भर वेगात असतो. एकाने सोडलेली गती दुसरा घेतो, रॉडच्या तिरपेपणातून येणारा दुप्पट वेगाचा हादरा एकमेकांत कापला जातो आणि उरलेल्यासाठी वेगळा तोलदांडा आहे. यामाहाने २००९ च्या आर-१ मध्ये चार सिलिंडरांच्या क्रँकपिना अशाच ९० अंशांच्या फरकाने बसवल्या, त्या स्वाराच्या मनगटाला मागच्या चाकाची पकड अधिक स्पष्ट कळावी म्हणून. आणि आपली साधी ३५०? २०२० साली मिटिऑरबरोबर आलेल्या आणि २०२३ पासून बुलेटमध्येही बसलेल्या नव्या इंजिनात व्यास ७२ आणि स्ट्रोक ८५.८ मिलिमीटर आहे. म्हणजे कंपनीने स्ट्रोक वाढवला नाही, चार मिलिमीटरांनी घटवला, आणि हादऱ्यासाठी उलट फिरणारा तोलदांडा दिला. शक्ती २० अश्वशक्तींच्या किंचित वर. या नव्या गाडीचा क्रँक उतरवायला नेणाऱ्यांनी तोलदांड्याचे वजन मूळ पिस्टनच्या हिशेबाने ठरलेले आहे हे ध्यानात ठेवावे.

ज्यांना हे सारे वाचूनही जुन्या बुलेटचा क्रँक हलका करायचाच आहे, त्यांना मी अडवणार नाही. मिस्त्रींचा क्रम तेवढा सांगतो. इंजिन खोलल्यावर प्रथम क्रँक आहे तसा डायल गेजवर पाहावा. बऱ्याचदा मूळ तक्रार वाकडेपणाची असते आणि सरळ करूनच निम्मे काम होते. पिस्टन व रॉड यांची वजने कागदावर लिहून ठेवावीत. कड एकदम न उतरवता दोनशे-तीनशे ग्रॅम काढून थांबावे, कारण उतरवलेले लोखंड परत चढवता येत नाही. प्रत्येक कातणीनंतर कोपरे गोल करावेत. मोठ्या टोकाचा बुश वा रोलर नवा घालावा आणि तेलाची सर्व भोके तार घालून, पेट्रोलने धुऊन, हवेने फुंकून घ्यावीत. जोडल्यावर प्लग काढून ठेवावा आणि इंजिन चालू न करता तेल मोठ्या टोकापर्यंत पोचेतो किका मारीत राहावे. मिस्त्री साठ किका मोजून मारायला लावीत, आणि त्या मोजण्याचे काम माझ्याकडे असे.